बारके शब्द

माझे वडील नागपुरातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आम्ही महाल भागात राहत होतो. पुढे ओसरी, मध्ये दोन खोल्या आणि मागे विहिरीचं आंगण. माझ्याआधीची भावंडं जगली नव्हती, त्यामुळे बाबांच्या हाताशी शिकवायला घरात मीच होते. मुलींच्या शाळेत मी मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचले होते, आणि आमच्या नात्यात तोवर कुठलीच मुलगी तिथपर्यंत पोचलेली नव्हती. आईला ह्याचं कौतुक होतं की काळजी, ते तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

बाबा मला सकाळी शिकवायचे, शाळेची घाई सुरू व्हायच्या आधी. नाम आणि क्रियापद ह्यांच्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. म्हणायचे, "ते शब्द कोणीही पाठ करेल. डिक्शनरी घेऊन बसलं की झालं. माणसाला इंग्रजी येतं की नाही, ते बारक्या शब्दांवरून कळतं." ऑफ, टु, बाय, विथ, फ्रॉम, अ, द, ह्या सगळ्यांना ते बारके शब्द म्हणत.

त्या वर्षी आमच्या आंगणात साप निघाला होता आणि शेजारच्या बागेतल्या माळ्याने तो मारला होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी तेच वाक्य घेतलं. माळ्याने काठीने साप मारला.

"ह्यात 'ने' किती आहेत?"

"दोन."

"दोन्ही सारखेच का?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे काठीही आपणहून उठली आणि तिनं सापाला हाणलं?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पाटीवर ते वाक्य इंग्रजीत लिहिलं. माळ्याच्या आधी बाय, काठीच्या आधी विथ. "करणारा कोण, ते बाय सांगतो. कशानं केलं, ते विथ सांगतो. आपल्या एका 'ने'ला ते दोघे मिळून उचलतात. आपले प्रत्यय शब्दाच्या शेपटाला चिकटतात, त्यांचे शब्द तोंडाशी उभे राहतात. एवढं ज्याला दिसलं, त्याला अर्धं इंग्रजी आलं."

अ आणि द ह्यांच्यावर मी कितीतरी दिवस अडले होते. मराठीत तसं काही नाहीच. बाबांनी सांगितलं, "अ म्हणजे दारात आलेला अनोळखी माणूस. एकदा तो ओसरीवर बसला, पाणी प्याला, की तो द झाला. गोष्टीत राजा पहिल्यांदा आला की अ, पुन्हा आला की द." 'डू यू नो' मधला डू स्वतः काहीच करत नाही, फक्त प्रश्न उभा करतो, पण त्याला काढलं की वाक्य खाली बसतं. टिल म्हटलं की कुठवर ते कळतं. अनलेसच्या पोटात 'नाही' दडलेलं असतं, म्हणून पुढे आणखी नॉट घालायचं नाही. घातलं की बाबांची लाकडी पट्टी बोटांवर बसायची. ते मायाळू मास्तर नव्हते. पण एखाद्या वाक्यात कोणता बारका शब्द काय काम करतो ते मी बरोबर सांगितलं, की ते जरा वेळ गप्प बसत, आणि ती गप्प बसण्याची तऱ्हा मला फार आवडायची.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी घरासमोर टांगा थांबला. शाळेचा चपराशी आणि एक मास्तर बाबांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवत होते. बाबांचा उजवा हात नुसता लोंबत होता, तोंडाची एक बाजू ओघळली होती. फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून पडला आणि त्यामागोमाग ते पडले, असं मास्तरांनी सांगितलं. आई दारात उभी होती. तिने आत जाऊन गादी घातली.

डॉक्टर आले, वैद्य आले. अर्धांग म्हणाले. डॉक्टरांनी जाताना काकांना सांगितलं की जीव वाचेल, हाताचं आणि वाचेचं सांगता येत नाही. हे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. कचेरीत नोकरीला होते आणि चार घरं पलीकडे राहत. बाबांचा पगार थांबला, तेव्हापासून आमच्या घरात काय यायचं आणि काय व्हायचं, ते काकाच ठरवू लागले. आई त्यांच्यासमोर येत नसे. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही रीत होती. ती दाराआड उभी राहायची आणि मी मध्ये. "आईले सांग," काका म्हणायचे. "काकांना विचार," आई म्हणायची. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जात असे, तरी ते मला पुन्हा सांगावंच लागायचं.

महिनाभराने बाबा बोलायला लागले. पहिला शब्द 'पाणी' होता. आईने देवापुढे साखर ठेवली. मग 'भात' आला, 'दार' आला, 'उजेड' आला. मला वाटलं, एकेक करून सगळं परत येईल. शब्द येतही होते. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सगळे जड शब्दच येत आहेत. नावं येत होती, वस्तू येत होत्या, कधी एखादं क्रियापद यायचं. त्यांना बांधणारं काहीच येत नव्हतं. 'आत' नाही, 'वर' नाही, 'साठी' नाही. शब्दांची शेपटंही गळून गेलेली. "घर... काका... औषध," असं म्हणायचे. औषध काकांकडून आणायचं, की काकांना द्यायचं, की काका औषध घेऊन घरी येणार आहेत? मी एकेक विचारत जायचे आणि ते मान हलवायचे. पण ती मान हो म्हणते की नाही, तेही नेहमी कळत नसे. इंग्रजीतही तसंच. "टेबल. बुक." एवढंच. बुक टेबलाच्या वर की खाली, ते नाही.

एका दुपारी मी चुलीपाशी होते. बाबा ओसरीवरून ओरडले. "आई! विहीर! आई! विहीर!" आवाज इतका भेसूर होता की मी हातातलं टाकून मागे धावले. आंगण ओलांडेपर्यंत माझ्या मनात एकच चित्र होतं. त्या दिवसांत आई जेवत नसे, बोलत नसे, आणि मला तिची भीती वाटायची. विहिरीच्या काठावर कोणी नव्हतं. मी वाकून पाहिलं. काळं पाणी हलत होतं. मी किंचाळले. शेजारणी आल्या, एकजण दोर घेऊन आला. तेवढ्यात आई मागच्या दारातून आली. ती शेजारी ताक मागायला गेली होती.

"काय झालं वं? काहून ओरडून राहिली?"

 मी तिला गच्च धरलं. मग कोणीतरी खाली पाहिलं, तर बादली दोरासकट विहिरीत गेली होती. पाणी हलत होतं ते त्यामुळे. बाबांना बहुधा बादली पडल्याचा आवाज ऐकू आला होता आणि त्यांना तेवढंच सांगायचं होतं. किंवा आईला विहिरीकडून बोलवा, असं सांगायचं होतं. आई काठावर टेकली आणि खूप वेळ तशीच बसून राहिली. दोरवाला माणूस बादली काढून, ठेवून निघून गेला.

त्यानंतर मी बाबांना शिकवायला बसले. सकाळचीच वेळ धरली. पाटावर वाटी ठेवायची आणि विचारायचं, "बाबा, वाटी कुठे?" ते म्हणायचे, "वाटी. पाट." मग वाटी पाटाखाली. "आता कुठे?" "पाट. वाटी." मी म्हणायचे, "खाली. पाटाखाली." ते ओठ हलवायचे, खूप जोर करायचे, कपाळाची शीर फुगायची, आणि बाहेर यायचं "पाट." एकदा त्यांनी डाव्या हाताने वाटी उचलून आंगणात भिरकावली. त्यांना दिसत होतं की वाटी खाली आहे. ते वेडे झाले नव्हते. फक्त 'खाली' नव्हतं त्यांच्याजवळ.

माझं पुस्तकातलं इंग्रजी तेव्हा कुठे खरं समजू लागलं, हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. वाक्य वाचताना मी बारके शब्द बोटाने झाकायचे आणि पाहायचे की काय उरतं. बाबा उरायचे. माणसं आणि वस्तू आणि त्यांच्यात काहीच नाही. कोणी कोणाला मारलं, कोण कोणाचं, आधी काय आणि मग काय, ते सगळं बोटाखाली.

पौषात काका सकाळीच आले. बाबांच्या खुर्चीजवळ बसले आणि मला म्हणाले, "आईले सांग, खापा गावातलं स्थळ आहे. कपड्याचा धंदा आहे, घर भरलेलं आहे. बिजवर आहे, पण वय काही फार नाही. त्यांना माघातच पाहिजे."

दाराआडून आई म्हणाली, "काकांना विचार, परीक्षा फाल्गुनात आहे, तेवढी होऊ द्याल का?"

"तेवढं थांबले तर ते दुसरीकडे पाहतील," काका म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरी, तुह्या बापाची ही अशी हालत. उद्या त्याचं बरंवाईट झालं, तर बिनबापाच्या पोरीले कोण विचारेल? मी काय दुष्मन आहो का तुहा?"

ते दुष्मन नव्हते. रोज संध्याकाळी कचेरीतून येताना ते बाबांचे पाय चेपून जात.

तेवढ्यात बाबा बोलले. सगळं ऐकत होते ते. "लग्न," ते म्हणाले. मग थांबले. "परीक्षा." पुन्हा जोर केला. "परीक्षा... लग्न... नाही."

"काय म्हणते वं तो?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "परीक्षेआधी लग्न नाही, असं म्हणताहेत."

काकांनी मान हलवली. "मले तर ऐकू आलं, परीक्षा नाही, लग्न."

दोन्ही बसत होतं. जिथे बारका शब्द हवा होता तिथे भोक होतं, आणि त्या भोकात ज्याला जे हवं ते त्याने घातलं होतं. मला राग आला. मी पाटी आणली. एका बाजूला बिफोर लिहिलं, दुसऱ्या बाजूला आफ्टर, आणि खाली मराठीत आधी आणि नंतर. मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, "बाबा वाचू शकतात. आयुष्यभर हेच शिकवलं त्यांनी. त्यांनाच विचारू." आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "बाबा, लग्न परीक्षेच्या आधी की नंतर? बोट ठेवा."

बाबांनी पाटीकडे पाहिलं. डावा हात उचलला आणि आफ्टरवर ठेवला.

मी उभी राहिले. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला.  काकांनी पाटी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"आता उलटं लिही. इकडचं तिकडे."

"काहून?"

"लिही तर."

मी लिहिलं. पाटी पुन्हा मांडीवर गेली. मी तोच प्रश्न तसाच्या तसा विचारला. बाबांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात उचलला, आणि पहिल्या वेळी जिथे ठेवला होता तिथेच ठेवला. तिथे आता बिफोर होतं.

"जो शब्द त्या हाताजवळ, तोच धरून राहिला तो," काका हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "त्याले ते दोन्ही सारखेच दिसून राहिले, पोरी."

बाबांना आमच्या तोंडांवरून कळलं की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं ते कळलं नाही. त्यांनी पाटीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. दोन्ही शब्द पुसले गेले. बोटं पांढरी झाली. "पोरगी," ते म्हणाले. "पोरगी... लग्न... नाही... परीक्षा." मग रडायला लागले. अर्धाच चेहरा रडत होता. मी पाटी काढून घेतली.

माघात लग्न झालं. कन्यादान काकांनी केलं. बाबांना नवं धोतर नेसवून मांडवात खुर्चीवर बसवलं होतं. अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, आणि मांडवात एक दुसरा आवाज मिसळला. बाबा म्हणत होते. स्पष्ट, अडखळल्याशिवाय, ओळींमागून ओळी, संस्कृतचा एकेक प्रत्यय जागच्या जागी. भटजी थांबले, तरी बाबा थांबले नाहीत. लोक माना वळवून पाहू लागले. काकू अंतरपाटामागे येऊन माझ्या कानात म्हणाली, "बोलले वं! तुह्या लग्नाच्या पायगुणानं बोलले!" मी अंतरपाटाआड उभी होते, मला दिसत काहीच नव्हतं, फक्त तो जुना आवाज ऐकू येत होता, वर्गातला.  अक्षता पडल्या. बाबांच्या शाळेतले मास्तर त्यांच्याकडे गेले आणि हात धरून म्हणाले, "मास्तर, बरे झालात की हो!"

बाबांनी तोंड उघडलं. "मुलगी," ते म्हणाले. "पाणी. टांगा."

मास्तरांनी हात सोडला. पुढे कित्येक वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की लहानपणी घोकलेलं असं सुटून येतं, त्याला बोलणं म्हणत नाहीत. त्या दिवशी मांडवात हे कोणाला ठाऊक नव्हतं. बाबा इतके दिवस न बोलण्याचं सोंग करत होते की काय, अशा नजरेने काहीजण त्यांच्याकडे पाहत होते.

खाप्याचं घर वाईट नव्हतं. पहिल्या बायकोची एक मुलगी होती, ती मला चिकटली. यजमान शांत होते. फाल्गुनात नागपूरला परीक्षा झाली, तेव्हा आमच्याकडे पापड चालले होते. सासूबाई उखळात पीठ कुटून घेत होत्या आणि मी लाटत होते. माझ्या वर्गातल्या मुली कुठल्या बाकावर बसल्या असतील, हे मी मनात येऊ दिलं नाही. पापड पातळ आले म्हणून सासूबाईंनी शेजारणीला दाखवले.

श्रावणात निरोप आला. मी पोचले तेव्हा बाबांना नेलं होतं. ओसरीवर खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. आई आतल्या खोलीत बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. सुतकाच्या दिवसांत आम्ही दोघी त्या खोलीत बसून असायचो. बाहेर पाऊस. एका दुपारी मी तिला विचारलं, "आई, त्या दिवशी बाबांना काय म्हणायचं होतं? आधी की नंतर?"

तिने लगेच उत्तर दिलं, जणू प्रश्नाची वाट पाहत होती. "आधी नाही, अन् नंतरही नाही. तू जाऊच नको, असं म्हणून राहिले होते ते."

"कशावरून?"

"तू गेल्यावर रोज सकाळी पाट मांडायले लावत होते मले. पाट, वाटी, अन् मग दाराकडे पाहत बसायचे. तुले जितकं समजे तितकं मले समजत नव्हतं ना त्यांचं. परीक्षा झाली तरी तू जाशील, लग्न झालं तरी जाशील. त्यांना भेव वाटत होता. बस. बाकी काही नव्हतं त्यात."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

आई म्हणाली, "कोणाशी बोलू? भाऊजी समोर बसले होते. अन् तू तर पाटी घेऊन धावली. मले कोणी विचारलं का?"

मी उठून आंगणात गेले. विहिरीवर पाऊस पडत होता. मला आईचा राग आला, मग काकांचा, मग बाबांचाही. मला वाटत होतं की त्यांना माझी परीक्षा हवी होती, आणि त्या एका गोष्टीवर मी खाप्यात इतके महिने काढले होते. आई म्हणते तेच खरं असेल, असंही नाही. ती तरी अंदाजच करत होती, माझ्यासारखा आणि काकांसारखा. फरक इतकाच की ती त्यांच्याजवळ वीस-बावीस वर्षं झोपली-उठली होती.

दिवस झाल्यावर काकांनी आईला आपल्या घरी नेलं. महालातली जागा सोडली. आई तिथे आणखी पुष्कळ वर्षं जगली, दाराआड, आणि मी माहेरी गेले की दोघांचे निरोप पुन्हा माझ्यामार्फत जायचे.

पुढे, मला मुलं झाल्यावर, यजमानांनी एकदा आपणहून विचारलं, घरी अभ्यास करून मॅट्रिकला बसायचं आहे का. पुस्तकंही आणून दिली. मी चार दिवस उघडून बसले. मुलं झोपलेली असायची, दुपार शांत असायची, वेळ होता. पण वाक्यातला कुठलाही टु किंवा बिफोर समोर आला की मला पाटीवरची ती पांढरी बोटं दिसायची. पाचव्या दिवशी मी पुस्तकं बांधून ठेवली आणि यजमानांना म्हटलं, राहू द्या.